लिफ्टच्या खर्चाची शास्त्रशुद्ध वाटणी

५ फेब्रुवारी १९९९, शुक्रवार. सकाळी ७.१०

एक कोडे. कोणत्याही अपार्टमेंटमध्ये जाऊन पाहावे. प्रत्येक घरातला दिवा लागतो, जिन्यातला लागत नाही. दिवा पंधरा रुपयांचा. घरात राहणारी माणसे तीच, जिना चढणारीही तीच. मग जिन्यातच अंधार का? हे सर्वांनी पाहिलेले असते, विचार कोणी केलेला नसतो. मी चौतीस वर्षे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवले, त्यामुळे मला विचाराची सवय आहे. उत्तर असे : ज्या वस्तूतला आपला हिस्सा ठाऊक नाही, ती वस्तू माणसाला आपली वाटत नाही. हिस्सा मोजून द्यावा, दिवा लागतो.

हे आज सुचण्याचे कारण लिफ्ट. मंगळवारी तिची मोटर जळली. मेकॅनिकने दोरासकट अडतीस हजार सांगितले. आमची इमारत चिंचोळी, मजल्याला एकच घर, म्हणजे मालक पाच. तळमजल्यावर रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले विश्वेश्वर मिश्र; एकटे असतात, गच्चीवर कबुतरे पाळतात. पहिल्यावर बँकेतले दिनानाथ मंडलीक. दुसऱ्यावर बकुळ, शाळेत संगीत शिकवते. तिसऱ्यावर मी आणि प्रभावती. चौथ्यावर आनंदीकाकू, वय शहात्तर, गुडघे निकामी. सपाटीवर त्या चालतात, जिना मात्र उतरू शकत नाहीत.

लग्न होऊन दूधविनायकावरच्या जुन्या मराठी वस्तीत आल्यापासून काकूंचा शुक्रवारी संकठादेवीच्या दर्शनाचा नेम आहे. आज पहिला शुक्रवार चुकला. वर जाऊन त्यांना सांगून आलो की पुढच्या शुक्रवारपर्यंत सर्व मार्गी लागेल.

७ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १

मीटिंग झाली. मंडलीक म्हणाले, पाच समान भाग करा आणि चहा घ्या. बँकेतल्या माणसाकडून यापेक्षा खोल विचाराची अपेक्षा होती. मिश्रजी म्हणाले, आम्ही जमिनीवरची माणसे, आम्हाला लिफ्टशी काय करायचे? बकुळ म्हणाली, कसेही करा पण लवकर करा.

तिन्ही मतांत तथ्यांश होता, पद्धत एकातही नव्हती. मी शांतपणे उठून सांगितले की न्याय्य वाटणीचे शास्त्र आहे आणि मला पंधरा दिवस द्यावेत. सर्वांनी ताबडतोब मान्यता दिली. इतका विश्वास अलीकडे कोणी दाखवला नव्हता. मंडलीकांनी चहा घेतला.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

संदर्भवाचन. वाटणीचे चार प्रकार संभवतात : घरटी समान, घराच्या क्षेत्रफळानुसार, मजल्यानुसार आणि प्रत्यक्ष वापरानुसार. चौथा सर्वात न्याय्य. अडचण एकच. लिफ्ट बंद आहे, त्यामुळे तिचा वापर मोजता येत नाही.

काकूंना निरोप पाठवला : पुढचा शुक्रवार.

१५ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.३०

अडचण सुटली. जिना आणि लिफ्ट या समांतर व्यवस्था आहेत. जो जिना जास्त चढतो त्याला लिफ्टची गरज जास्त. म्हणून जिन्याचा वापर हे लिफ्टच्या गरजेचे माप मानता येते. इतके सोपे असूनही कोणाला सुचले नाही.

योजना : जिन्याच्या तळाशी खुर्ची. सकाळी सहा ते सायंकाळी आठ. प्रत्येकाची चढ-उतार रजिस्टरमध्ये. सलग अठ्ठावीस दिवस, म्हणजे चारही आठवड्यांचे सर्व वार येतात. खंड पडल्यास पुन्हा पहिल्यापासून. या बाबतीत मी स्वतःला सवलत देणार नाही.

गच्चीपर्यंत जाणाऱ्यांची नोंद वेगळी. तळाशी बसून वरचे दिसत नाही, पण बूट कोणत्या मजल्यापर्यंत वाजतात ते मला ऐकू येते.

१६ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री ८.०५

पहिला दिवस. एकूण नोंदी ४७. पाठ दुखते. खुर्चीला उशी हवी.

१७ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी जेवायला वर जावे की नाही, हा पद्धतीचा प्रश्न निर्माण झाला. मी वर गेलो तर निरीक्षण खंडित होते, शिवाय माझ्याच नावावर एक चढ वाढते. प्रभावती डबा खाली आणून देते. तिच्या या फेऱ्या सर्वेक्षणासाठी असल्यामुळे मोजल्या नाहीत.

अर्धा तास डोळा लागावा म्हणून रजिस्टर तिच्या हाती दिले. परत पाहतो तर तिच्या हस्ताक्षरात : "मंडलीक — वांगी आणली, पिशवी फाटकी. बकुळ — रडून आल्यासारखी. मिश्रजी — वर गेले ते आलेच नाहीत, चहा कुठे घेत असतील." यासाठी तक्त्यात रकाने नाहीत. खोडले.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रभावती काकूंच्या वतीने संकठादेवीला ओटी घेऊन गेली. काकूंनी देवीला निरोप दिला म्हणे : नरहरचे गणित चालू आहे. उत्तेजन मिळाले.

२ मार्च, मंगळवार

होळी. सकाळी नऊपर्यंत मंडलीक, मिश्रजी आणि गल्लीतली पंधरा माणसे एकाच रंगाची झाली होती. कोण चढले, कोण उतरले, ओळखता येईना. एक बादली रजिस्टरवर आली. पंधरा दिवसांचा डेटा जांभळा झाला.

नियमाप्रमाणे उद्यापासून पुन्हा पहिला दिवस. मंडलीक म्हणाले की पंधरा दिवस पुष्कळ झाले, सरासरी काढा आणि मोकळे व्हा. मी त्यांना नमुन्याचा आकार आणि विश्वासार्हता यांतला संबंध समजावून सांगितला. ते ऐकत होते. मात्र डोळे मिटलेले होते, कारण डोळ्यांत रंग गेला होता.

५ मार्च, शुक्रवार

काकूंकडे गेलो नाही. काम चालू असताना अर्धवट माहिती देणे योग्य नव्हे.

११ मार्च, गुरुवार. सायंकाळी

दमलो. खुर्चीत बसून माणूस इतका दमतो हे मला ठाऊक नव्हते. मिश्रजी दिवसातून बारा ते पंधरा वेळा गच्चीवर जातात. कधी दाणे, कधी पाणी, कधी नुसते आकाशाकडे पाहायला. प्रत्येक वेळी जाताना विचारतात, "का हो मास्टर साहब, लिख लिए?" मी लिहितो. माझ्या आयुष्यात कोणी इतक्या नियमितपणे मला डेटा दिलेला नाही.

त्यांनी एकदा पाय टेकायला वेताचा बुटका मोडा आणून दिला, एकदा पान. पान नाकारले. निरीक्षकाने निरीक्षिताकडून काही घेऊ नये. मोडा घेतला, कारण तो पायांखाली होता.

१८ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी प्रभावतीने एकटीने उभारली. मी खालून पाहिली. नव्या वर्षाचे संकल्प : १) अहवाल बारा पानांत संपवणे. २) मिश्रजींशी निरीक्षणाच्या वेळात गप्पा न मारणे. ३) काकूंना भेटणे.

तिसरा संकल्प उद्या.

१९ मार्च, शुक्रवार

उद्यावर ढकलला. आज मिश्रजींच्या एका कबुतरीने अंडी घातली आणि ते एकवीस वेळा चढले. जागा सोडता आली नाही.

३० मार्च, मंगळवार. रात्री ८

अठ्ठावीस दिवस पूर्ण. खंड नाही. (बावीस तारखेला मी खुर्चीत झोपलो होतो, पण खुर्चीत होतो.)

उठताना गुडघ्यात कळ आली. हवेत दमटपणा असावा.

२ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११

निकाल. चढलेल्या फेऱ्यांना मजल्यांच्या संख्येने गुणून :

मिश्र ६१ टक्के. बकुळ १६. मंडलीक १४. आम्ही ९. आनंदीकाकू ०.

तीन वेळा तपासले. बेरीज शंभर येते. आमचा आकडा कमी येण्याचे कारण उघड आहे : मी सकाळी एकदा उतरून रात्री एकदाच चढत होतो. आकड्यांना कोणाचा चेहरा दिसत नाही, हेच त्यांचे सौंदर्य.

काकूंचा आकडा पाहून मला विशेष समाधान वाटले. एका वृद्ध विधवेवर एक पैशाचाही भार नाही. कोणत्या समान वाटणीने हे साधले असते?

४ एप्रिल, रविवार. दुपारी ३

मीटिंग. अहवाल सव्वीस पानांचा झाला होता, तो मी पूर्ण वाचला. मिश्रजींच्या वाट्याला तेवीस हजार एकशे ऐंशी रुपये येतात हे सांगितले. मग मिश्रजींनी अतिशय नम्रपणे विचारले, "त कबूतर लोग का भी हाजिरी लगा दीजिए. ऊ त हमसे ज्यादा ऊपर जाते हैं."

मंडलीक हसता हसता खुर्चीवरून घसरले. मी खुलासा केला की कबुतरे लिफ्टचे संभाव्य वापरकर्ते नाहीत. मिश्रजी म्हणाले, आम्हीही नाही; सदतीस वर्षे गाडीच्या शेवटच्या डब्यात उभे राहिलो, आता बंद पेटीत उभे राहायचे नाही. हे विधान डेटाशी विसंगत आहे. चौदा वेळा चढणाऱ्या माणसाला लिफ्ट नको असणे शास्त्राला मान्य होणार नाही.

बकुळने विचारले, काकूंचे शून्य कसे? समजावले. ती म्हणाली, लिफ्ट तर त्यांच्यासाठीच दुरुस्त करायची होती ना? मी म्हणालो, होय, आणि म्हणूनच त्यांना ती फुकट मिळते आहे. तिला मुद्दा कळला नसावा. गाणाऱ्या लोकांना गणित जड जाते.

निर्णय झाला नाही. मात्र चर्चेची पातळी उंचावली.

सायंकाळी ५.३०

काकूंना आनंदाची बातमी द्यायला वर गेलो. दोन महिन्यांत प्रथमच. त्या खिडकीशी बसल्या होत्या. चहा केला. मी त्यांना तक्ता दाखवला, त्यांच्या नावापुढचे शून्य बोटाने दाखवले, आणि एक पैसाही द्यावा लागणार नाही असे सांगितले.

काकूंनी चष्मा लावून ते शून्य बराच वेळ पाहिले.

"शून्य म्हणजे मी या घरात राहतच नाही, असंच ना रे नरहर?"

मी म्हणालो, तसे नव्हे, याचा अर्थ इतकाच की निरीक्षणाच्या काळात तुमची एकही फेरी नोंदली गेली नाही. त्या म्हणाल्या, उतरता आलं असतं तर तुला मोजायला बसवलं असतं कशाला? मग मी पद्धत पहिल्यापासून सांगितली. चाळीस मिनिटे लागली. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी म्हणाल्या, तुझा चहा निवला, दुसरा करते.

दुसरा चहा उत्तम होता. त्यांचे समाधान झाले असावे. एका मजल्याची उतरण, तरी गुडघा दुखला.

९ एप्रिल, शुक्रवार

काकूंकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू. काकू खाली येऊ शकत नाहीत म्हणून सगळ्या बायका वर गेल्या. दूधविनायकापासूनच्या ओळखीच्या. सव्वीस जणी, चार मजले, सर्व नऊवारी-पाचवारीत आणि उन्हाच्या वेळी. वाटेत तिघी आमच्या दाराशी बसल्या. मी खुर्चीवर सवयीने बसलो होतो. या फेऱ्या असामान्य निरीक्षणे म्हणून वगळल्या.

प्रभावतीने आंब्याच्या डाळीच्या पातेल्याखाली धरायला काहीतरी हवे म्हणून रजिस्टर नेले. परत आले तेव्हा त्यावर पन्ह्याचे डाग होते आणि ते वाचलेले होते. बायकांनी वाचलेले होते. सव्वीस जणींनी.

प्रभावती म्हणाली, "अहो, जो खाली राहतो तो दिवसभर वर असतो, आणि जी वर राहते तिला खाली यायचंय. एवढं तुमच्याच वहीत लिहिलंय."

मी तिला सांगितले की डेटा ज्या हेतूने गोळा केला जातो त्याच हेतूने तो वाचायचा असतो. वाटणीच्या रजिस्टरमधून असा निष्कर्ष काढणे पद्धतीला सोडून आहे. ती म्हणाली, डाळ खा.

११ एप्रिल, रविवार

अहवालाची दुसरी आवृत्ती सुरू. आकडे तेच, भाषा अधिक स्पष्ट. माणसांना आकडे पटत नाहीत ते भाषेमुळे.

खाली मिश्रजी आणि प्रभावती बराच वेळ बोलत होते. नंतर प्रभावती वर काकूंकडे गेली. पुन्हा खाली, पुन्हा वर. तीन फेऱ्या. सर्वेक्षण संपल्यामुळे नोंदल्या नाहीत. सुदैवाने.

१८ एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया

सकाळी गोंगाटाने जाग आली. मिश्रजींची ट्रंक जिन्याने वर जात होती. काकूंची देवघराची फळी खाली येत होती. कोणतीही मीटिंग झालेली नाही, ठराव नाही, कागद नाही. दोघांनी घरे बदलली आहेत. मिश्रजी म्हणाले, लिहून काय घ्यायचे. अम्मांना नको वाटेल तेव्हा पुन्हा बदलू.

मग काकूंना उतरवायचे ठरले. खुर्ची हवी होती. माझी नेली. मागे मिश्रजी, पुढे मंडलीक, बाजूला बकुळ पदर सावरायला, सर्वांत पुढे प्रभावती, बाजूला व्हा, बाजूला व्हा, असे रिकाम्या जिन्याला सांगत. मला हात लावायला सांगितले, पण माझ्या हातात रजिस्टर होते. मी प्रत्येक वळणावर कोन सांगितला.

काकू डोळे मिटून बसल्या होत्या. पहिल्या मजल्यावर मिश्रजी धापा टाकत थांबले आणि म्हणाले, "अम्मा, घबराइए नहीं. हम गार्ड आदमी हैं, सिग्नल देखे बिना गाड़ी नहीं छोड़ते." काकू डोळे न उघडता हसल्या.

तळाशी पोचल्यावर त्या खुर्चीतून उठल्या, स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेल्या आणि रस्त्याकडे पाहत उभ्या राहिल्या. अडीच महिने झाले होते. भाजीवाल्याने त्यांना ओळखले. त्या त्याच्याशी भावावरून भांडल्या.

मी नोंद करायला रजिस्टर उघडले. आनंदीकाकू, उतरल्या, १. पण स्वतः नव्हे. चौघांच्या आधाराने. ही फेरी काकूंच्या नावावर धरावी की उचलणाऱ्यांच्या? तक्त्यात रकाना नाही. जागा कोरी सोडली आहे.

२३ एप्रिल, शुक्रवार

काकू संकठादेवीला जाऊन आल्या. प्रभावती सोबत होती. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडून काकू चालत गेल्या, चौकात दोनदा थांबल्या, देवळात बराच वेळ बसल्या. मला बोलावले होते. बदललेल्या परिस्थितीत सर्व टक्केवारी नव्याने काढावी लागत असल्यामुळे जाता आले नाही.

प्रसाद आला. पाच घरांना पाच पेढे. आमच्या घरात माणसे दोन आहेत हे मी निदर्शनास आणून दिले. प्रभावतीने आमचा पेढा मला दिला. तिच्यासाठी उरला नाही, हे नंतर लक्षात आले.

२ मे, रविवार. सायंकाळी ७

अपेक्षेप्रमाणे घडले. मिश्रजी चौथ्या मजल्यावर राहू लागताच त्यांना लिफ्ट हवीशी झाली. कबुतरांच्या बाजरीची पोती वर न्यायची होती. मनुष्यस्वभावाचा हा नियम मी अहवालाच्या पृष्ठ एकोणीसवर सांगितला आहे, सूत्ररूपाने. म्हणजे माझी योजना एका वेगळ्या मार्गाने यशस्वी झाली.

त्यांनी आज घरोघर जाऊन वर्गणी मागितली. सर्वांना समान, सात हजार सहाशे. काकूंनी सर्वांत आधी दिले. मी खाली धावत जाऊन (धावणे या शब्दाचा अर्थ गुडघ्याच्या सोयीने घ्यावा) त्यांना समजावले की आता त्या तळमजल्यावर असल्यामुळे त्यांचे शून्य पूर्णपणे न्याय्य झाले आहे, पूर्वीपेक्षाही अधिक. काकू म्हणाल्या, "आता मी इथे राहते ना, मग देऊ दे की." आणि नोटा पुन्हा मोजून मिश्रजींच्या हातावर ठेवल्या.

अर्ध्या तासात चार घरांचे पैसे जमले. तीन महिने मी ज्याला शास्त्र म्हणत होतो त्याला मिश्रजींना एक प्लॅस्टिकची पिशवी पुरली. हे लिहिण्यामागे कोणतीही कटुता नाही.

मी दिले नाहीत. सुधारित टक्केवारी येईपर्यंत देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. मिश्रजी म्हणाले, "कौनो बात नहीं मास्टर साहब, आप हिसाब लगाइए," आणि मला पान दिले. निरीक्षण संपले असल्यामुळे घेतले.

८ मे, शनिवार

ऊन. दोन वेळा वीज गेली. सुधारित टक्केवारी काढण्यासाठी पुन्हा अठ्ठावीस दिवस बसावे लागेल. खुर्ची मागायला काकूंकडे गेलो. तिच्यावर त्या दाराशी बसलेल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. मागितली नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायला मला आता अकरा मिनिटे लागतात. वाटेत दुसऱ्या मजल्यावर बकुळच्या दाराशी बसतो. तिचा सराव चालू असला तर बरे वाटते.

१४ मे, शुक्रवार. सकाळी ९.२०

लिफ्ट सुरू झाली. पहिल्या फेरीत काकूंनी लिफ्टने थेट गच्चीपर्यंत जाऊन कबुतरे पाहिली, तिथून नदीच्या दिशेला हात जोडले आणि खाली आल्या. घरे पुन्हा बदलायची का, असे मिश्रजींनी विचारले म्हणे. काकू म्हणाल्या, राहू दे. इथे भाजीवाला दाराशी येतो.

लिफ्टच्या आत मिश्रजींनी वर्गणी देणाऱ्यांची यादी चिकटवली आहे. पाच नावे. चौथे नाव सौ. प्रभावती घाणेकर. मी तिला विचारले, कुठून दिले? म्हणाली, पाटल्यांसाठी साठवले होते. का दिले, असे विचारले नाही. मी सकाळपासून तीन वेळा लिफ्टने वर गेलो आहे आणि खाली आलो आहे. गुडघ्याला आराम आहे.

सव्वीस पानांचा सारांश एका साध्या चाचणीत देता येईल, असे आज लिफ्टमध्ये उभा असताना लक्षात आले. ती कोणालाही घरी करून पाहता येईल. सामायिक खर्चातला आपला हिस्सा मनात ठरवावा. मग आपण सर्वांत वरच्या किंवा सर्वांत खालच्या शेजाऱ्याच्या घरात राहायला गेलो आहोत असे धरावे, आणि तोच आकडा त्या शेजाऱ्यादेखत मोठ्याने म्हणावा. आवाज तसाच राहिला तर वाटणी बरोबर.

मी आताच काकूंच्या दाराशी जाऊन दोनदा करून पाहिली. नऊ टक्के. दोन्ही वेळा खोकला आला. हवा बदलते आहे. उद्या पुन्हा करीन.